नाझराची मुलगी

पांढरीपांडे काकूंनी मला सायकल फुकट दिली असं मी लोकांना सांगते, पण ते पूर्ण खरं नाही. सायकल हातात येण्याआधी मला तीन पंक्चरं काढावी लागली. तीही बेलफास्टमधल्या त्यांच्या गॅरेजमध्ये, नोव्हेंबरच्या थंडीत, गार पाण्याच्या टबात हात घालून. काकू टाचणीनं ट्यूबला स्वतः भोक पाडत, ट्यूब माझ्या हातात देत आणि स्टुलावर बसून म्हणत, "हं, शोध आता."

मी पुण्याची. आमच्याकडे पंक्चर कोपऱ्यावरच्या दुकानात काढतात आणि तोवर आपण शेजारी उभं राहून फोन बघायचा असतो. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या पुण्यात कोपऱ्यावर दुकान असेल. इथं डोंगरात कोपऱ्यावर मेंढी असते. ती काढून देते का पाहा बाप्पा."

मी तेव्हा बेलफास्टला मास्टर्स करत होते. काकू सदुसष्ट वर्षांच्या. उंची जेमतेम पाच फूट, केस कानापर्यंत कापलेले आणि बाराही महिने अंगात रेनकोट. एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काम करून त्या रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पण गावातल्या झाडून सगळ्या मराठी विद्यार्थ्यांच्या त्या काकू होत्या. आयरिश लोक मात्र त्यांना शीला म्हणत. शैलाची शीला करणं त्यांना सोपं जाई, कारण शीला हे त्यांच्याकडचंच जुनं नाव. फोनवर नाव ऐकून एखादी आयरिश बाई येणार म्हणून माणसं दार उघडत, आणि दारात नागपूर उभं असे.

पस्तीस वर्षं तिकडे राहून त्यांची मराठी जागची हलली नव्हती. "काय करून राहिली तू?" अशीच फोनची सुरुवात. मी "अभ्यास करतेय" म्हटलं की "बरं बरं, करून राहा" म्हणून फोन बंद. बोलण्यात पाल्हाळ त्यांना खपत नसे.

लोकांनी टाकून दिलेल्या सायकली त्या गोळा करत, दुरुस्त करत आणि नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना देत. अटी तीन. पंक्चर काढता आलं पाहिजे, कागदावरचा नकाशा वाचता आला पाहिजे आणि मे महिन्यात त्यांच्याबरोबर एका वीकेंडला फर्मॅनाला गेलं पाहिजे. शनिवारी डोंगर, रविवारी सायकल. तिसरी अट ऐकून बहुतेक मुलांना त्याच वीकेंडला असाइनमेंट निघे. आमच्या वर्षी उरलो दोघंच, मी आणि ओंकार. ओंकार नागपूरचा, त्यामुळे काकूंच्या घरी त्याच्या ताटात एक सांभारवडी, म्हणजे तिकडची कोथिंबिरीची वडी, नेहमी जास्त पडे. याबद्दल माझी तक्रार अजून आहे.

काकूंचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे नियम. रस्ता रिकामा असो, पाऊस कोसळत असो, सिग्नलचा लाल दिवा लागला की काकू थांबल्या. एकदा रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं सायकलवर असे थांबलो होतो. मैलभर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. ओंकार म्हणाला, "काकू, कोणीच नाही ना." काकू म्हणाल्या, "आपण आहोत ना."

याचं मूळ त्या स्वतःच सांगत. त्यांचे वडील नागपूरच्या कोर्टात नाझर होते. कोर्टाच्या नोटिसा, जप्तीचा माल, सामानसुमान हे सगळं नाझराच्या ताब्यात, आणि नोंद झाल्याशिवाय खुर्चीसुद्धा जागची हलायची नाही. कोणी काकूंच्या काटेकोरपणाला हसलं की त्या जराही न रागावता म्हणत, "मी नाझराची मुलगी आहे. माझ्याकडून नाही होत."

लॅबमधला त्यांचा एक किस्सा त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी मला सांगितला. एक मोठे डॉक्टर स्वतः रक्ताची नळी घेऊन खाली आले. गडबडीत होते, नळीवर लेबल नव्हतं. म्हणाले, मीच आत्ता काढलंय, कोणाचं आहे ते मला माहीत आहे. काकूंनी ती नळी त्यांच्यासमोर कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली आणि सांगितलं की परत काढून आणा, लेबल नाही त्याला मी रक्त म्हणत नाही. डॉक्टर सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. काकूंच्या निरोपसमारंभाला मात्र भाषण त्यांनीच केलं.

आता इथं आयर्लंडच्या सरहद्दीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बेटाचा उत्तरेकडचा तुकडा, म्हणजे आमचं बेलफास्ट आणि सरहद्दीला लागून असलेला फर्मॅना जिल्हा धरून, यूकेमध्ये; बाकीचा स्वतंत्र देश. आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना यूकेचा व्हिसा असला तरी पलीकडे जायला त्यांचा वेगळा व्हिसा लागतो. पण सरहद्दीवर ना गेट, ना चौकी. रस्ता सरळ पुढे जातो, वेगाच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये येतात, टपालपेटी लालची हिरवी होते, झालं. त्यामुळे आमच्यातले काहीजण वीकेंडला गुपचूप डब्लिनला जाऊन येत आणि फोटोत जागेचं नाव घालत नसत. काकूंना असं काही कळलं की त्या रागवत नसत, पण त्या मुलाला दिलेल्या सायकलीची चौकशी मात्र थांबे.

काकूंचा पासपोर्टही भारतीयच होता. यूकेत कायम राहायची परवानगी होती, नागरिकत्व कधीचंच मिळालं असतं, पण त्यासाठी भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो आणि ते त्यांना करायचं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं. "बाबांनी स्टेशनवर हातात दिला होता," एवढंच म्हणाल्या.

तर त्या मेमधल्या शनिवारी काकूंच्या जुनाट गाडीच्या पाठीवर तीन सायकली बांधून आम्ही निघालो. बेलफास्टपासून फर्मॅना दोन तासांवर. काकू गाडी कमाल वेगाच्या बरोब्बर पाच मैल खाली चालवत आणि मागून हॉर्न वाजला की म्हणत, "वाजवून राहा, वाजवून राहा." दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर पांढरी फुलं इतकी दाटलेली की पानं दिसत नव्हती. शेतात मेंढ्या, त्यांची पोरं, आणि प्रत्येक उतारापलीकडे एक तळं.

डोंगराचं नाव क्विल्का. खालून दिसतो साधासुधा, टेबलासारखा सपाट. पण वाटेत सगळी काळी दलदल, पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत, म्हणून तिच्यावरून लाकडी फळ्यांची वाट नेली आहे आणि शेवटी शेकडो पायऱ्या. "चढ आला की बोलायचं नाही, उतार आला की उडायचं नाही," हा काकूंचा नियम. त्या पुढे, मी मध्ये आणि ओंकार मागे धापा टाकत. जिममध्ये जाणारा पोरगा तो, पण दर पन्नास पायऱ्यांना त्याला निसर्ग बघावासा वाटत होता.

वर गेलो तर समोर दगडांचा मोठा ढीग, तेच शिखर. लोक त्यावर चढून फोटो काढत होते. काकू त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या, एका खडकाला पाठ टेकून बसल्या आणि डबा उघडला. ओंकार पुढे निघाला तशी त्यांनी त्याला हाक मारली. सरहद्द बरोबर शिखरावरून जाते, असं त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. ढिगाची अर्धी बाजू परदेशात. त्या हा डोंगर सोळा वेळा चढल्या होत्या आणि त्या दगडांना त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

ओंकारनं आकाशाकडे पाहिलं. मला हसू दाबता येईना. "हसून घ्या," काकू म्हणाल्या, "पण तुमचा व्हिसा तर माझ्याहून कच्चा आहे. बसा इथं. वड्या सगळीकडून सारख्याच लागतात."

तिथं बसून त्यांनी आम्हाला दक्षिणेकडचं खोरं दाखवलं. दूरवर एक नदी, एक पांढरी शेड, तिच्या शेजारी झाडांत लपलेलं घर. "ते दिसून राहिलं? ते नोरीनच्या पोराचं घर."

नोरीनबद्दल आम्ही ऐकून होतो, पण सगळं त्या दिवशी कळलं. नोरीन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती, आठवडाभर बेलफास्टला राही आणि शनिवारी घरी जाई. काकू बेलफास्टला नव्या आल्या तेव्हा जेवणाच्या सुट्टीत रोज एकट्या बसायच्या. एक दिवस नोरीन समोर येऊन बसली, काकूंच्या डब्यातली एक वडी न विचारता उचलून तिनं खाल्ली आणि म्हणाली की शनिवारी माझ्याबरोबर चालायला ये. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक शनिवार. नोरीनचं माहेर, सासर, शेत सगळं फर्मॅनातलं, सरहद्दीच्या अलीकडचं. काकूंना डोंगर तिनं दाखवले आणि काकूंनी तिला सायकलचं पंक्चर शिकवलं. नवरा वारल्यावर काही वर्षांनी नोरीनचे पाय गेले, एकटीला घर झेपेना. मुलगा डेक्लन तिला आपल्याकडे घेऊन गेला. त्याचं घर फार दूर नव्हतं. पुलापासून दोन मैल. पण तो पूल सरहद्दीवरचा.

मग त्या दोघींनी एक रीत पाडली. महिन्यातल्या एका रविवारी डेक्लन आईला गाडीतून पुलापर्यंत आणायचा. काकू या बाजूनं सायकलवर जायच्या. पुलाच्या मध्यावर डांबराचा रंग बदलतो, अलीकडे राखाडी आणि पलीकडे काळा. काळ्यावर नोरीनची खुर्ची, राखाडीवर काकूंचं स्टूल, आणि मध्ये थर्मास. चार वर्षं त्या दोघी दोन देशांत बसून चहा पीत होत्या. नोरीन काठीनं रेष ओलांडून काकूंच्या बुटाला टोचायची आणि म्हणायची की बघ, मी आले तुझ्या देशात, आता मला पकड.

हे सांगताना काकू हसत होत्या. मग डब्याचं झाकण लावून म्हणाल्या की नोरीनचं हृदय थकलंय. गेल्या महिन्यात ती आली, पण तिला गाडीतून उतरता आलं नाही. काकूंनी सहा आठवड्यांपूर्वी पलीकडच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. पासपोर्ट त्यांच्या ऑफिसात होता. उत्तर नव्हतं. "उद्या पुलावर येते का ती, पाहू," त्या म्हणाल्या. खाली येताना, उतार असूनही, काकूंना आम्हाला टोकावं लागलं नाही.

रविवारी सकाळी बारीक भुरभुर होती. आम्ही गाडी एका चर्चपाशी लावली आणि सायकली काढल्या. रस्ता इतका अरुंद की मधोमध गवत उगवलेलं. काकूंच्या हँडलला बांधलेल्या पिशवीत डबा, थर्मास आणि घडीचं स्टूल. बारा मैलांचा वळसा घालून, दोन तळी बघून आम्ही अकराच्या सुमारास पुलाजवळ आलो. पूल म्हणजे काय, ओढ्यावरची दगडी कमान. दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले तर एकाला मागं जावं लागेल.

पलीकडे डेक्लन उभा होता. एकटाच. मोठा धिप्पाड माणूस, पण खिशात हात घालून असा उभा होता की काकूंनी लांबूनच ब्रेक लावला.

तो रेष ओलांडून आमच्या बाजूला आला. त्यानं हळू आवाजात सांगितलं की आई आता पलंगावरून उठत नाही. डॉक्टर कालच येऊन गेले, त्यांच्या मते फार दिवस नाहीत. ती शीला कुठं आहे म्हणून सकाळपासून विचारतेय. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, तुला ये म्हणायला मी आलेलो नाही, मला तुझं माहीत आहे, मी नुसतं सांगायला आलो.

काकूंनी सायकल कठड्याला टेकवली आणि राखाडी डांबराच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. ओढ्याचा आवाज येत होता. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. जन्माची मैत्रीण दोन मैलांवर मरायला टेकली आहे आणि ही बाई डांबराचा रंग बघतेय. ओंकारनं माझ्या मनातलं बोलून दाखवलं. "काकू, जा ना. कोणी नाहीये. कोणाला कळणार आहे?"

काकू मागे वळल्या. त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

बेलफास्टला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्या लॅबमधल्या बायकांबरोबर पश्चिमेचा समुद्र बघायला बसनं निघाल्या. तो समुद्र पलीकडच्या देशात आहे, त्याला वेगळा व्हिसा लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आयर्लंड ते आयर्लंड, त्यात काय विचारायचं. वाटेत तपासणी झाली, त्यांना उतरवलं, परत पाठवलं. कोणी वाईट वागलं नाही. पण कागद झाला. पुढे कायमच्या परवानगीसाठी अर्ज केला तेव्हा त्या एका कागदापायी पावणेदोन वर्षं चौकशी चालली, पासपोर्ट सरकारी ऑफिसात पडून राहिला. त्या पावणेदोन वर्षांत नागपूरला वडील गेले.

"तार आली तेव्हा माझ्याकडे पासपोर्ट नव्हता," काकू म्हणाल्या. "नाझराच्या मुलीला नोंद कशी चुकली म्हणून बाबा विचारतील, असं मला तेव्हा वाटत होतं. ते गेले हेच डोक्यात शिरत नव्हतं."

मला माझ्या रागाची लाज वाटली.

मग काकूंनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्यांनी ओंकारला पलीकडच्या गावातल्या पोलीस स्टेशनचा नंबर शोधायला सांगितला आणि पुलावर उभं राहून फोन लावला. रविवारची सकाळ, एक पोलीस एकटाच बसलेला असावा. काकूंनी त्याला आपलं नाव सांगितलं. पांढरीपांडे हे आडनाव एक-एक अक्षर करून लिहून द्यायला पाच मिनिटं गेली. मग शांतपणे सांगितलं की मी भारतीय नागरिक आहे, माझ्याकडे तुमचा व्हिसा नाही, अर्ज केलेला आहे. मी आता अकरा वाजून वीस मिनिटांनी अमुक पूल ओलांडून तुमच्या देशात येणार आहे. मैत्रीण आजारी आहे, तिचा पत्ता असा. दोन वाजायच्या आत मी परत जाईन. हे लिहून घ्या.

पलीकडून तो काय बोलतोय ते आम्हाला ऐकू येत होतं. तो गोंधळला होता. म्हणाला, मॅडम, अशी परवानगी मला देता येत नाही.

"परवानगी मागत नाहीये मी," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "मी चूक करणार आहे. तिची नोंद करा, एवढंच म्हणणं आहे."

मग त्यानं विचारलं, मैत्रीण म्हणजे कोण, डेक्लनची आई का? काकू हो म्हणाल्या. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. लिहिलं, तो म्हणाला. आणि तिला सांगा, मी तिची चौकशी केली म्हणून.

काकूंनी फोन खिशात टाकला. आम्हा दोघांना बजावलं की इथून एक पाऊल पुढं टाकायचं नाही, तुमचं अख्खं आयुष्य जायचंय, माझं बरंचसं झालंय. डेक्लननं गाडीचं दार उघडलं होतं, पण त्या सायकलवरच बसल्या. राखाडी संपलं, काळं सुरू झालं, त्या थांबल्या नाहीत. डेक्लनची गाडी त्यांच्यामागून सायकलच्या वेगानं गेली.

आम्ही कठड्यावर बसून राहिलो. थर्मास काकू विसरून गेल्या होत्या, तो आम्ही संपवला. एक म्हातारा कुत्रं घेऊन पलीकडून आला, हवेबद्दल दोन वाक्यं बोलून आमच्या बाजूला निघून गेला आणि थोड्या वेळानं परत आपल्या देशात गेला. दोन वाजायला सात मिनिटं कमी असताना काकू वळणावर दिसल्या.

सायकलवर थोडं पुढे गेल्यावर त्या आपणहून बोलल्या. नोरीन जागी होती. म्हणाली, एवढासा पूल ओलांडायला चार वर्षं लावलीस. काकूंनी तिचे केस विंचरून दिले, उशा सारख्या केल्या. वडी ती खाऊ शकली नाही, पण हातात धरून बसली होती. "शनिवारी कुठं गेला होतात म्हणून विचारत होती," काकू म्हणाल्या. "क्विल्का म्हटलं. तर म्हणते, दगडाला हात लावला का?" एवढं सांगून त्या पुढे निघून गेल्या आणि चर्च येईपर्यंत आमच्या पुढेच राहिल्या.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. व्हिसा ऑफिसला पत्र लिहायचं होतं. काल अमुक वाजता मी तुमच्या देशात विनापरवाना आले आणि अमुक वाजता परत गेले, माझ्या अर्जाचा विचार करताना हे लक्षात घ्यावं. मी टाईप करता करता थांबले. म्हटलं, काकू, हे न सांगितलं तर काय बिघडणार आहे? तो पोलीस काही कळवणार नाही. काकू म्हणाल्या, "नळीवर लेबल नको का?" मी पत्र पूर्ण केलं. मनातून मला ते अजिबात पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटलंय असं नाही.

उत्तर अडीच आठवड्यांनी आलं. पासपोर्ट परत आणि सोबत नकार. कारण आम्हीच लिहून दिलेलं. काकूंनी ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या, आणि पासपोर्ट कपाटात ठेवून आल्या. पण त्या दिवशी त्यांनी वरणाला फोडणीच दिली नाही आणि आम्ही तसंच खाल्लं. नोरीनला परत भेटायचा रस्ता आता बंद झाला होता. एकदा नोंद करून चूक करता येते, दुसऱ्यांदा केली तर ती चूक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतर चारच दिवसांनी डेक्लनचा फोन आला. नोरीन झोपेत गेली होती. त्यानं लगेच पुढे सांगितलं की तिला पुरायचं नवऱ्याशेजारी आहे, जुन्या चर्चच्या आवारात. जिथं आम्ही गाडी लावली होती, तेच ते चर्च. पुलाच्या अलीकडचं.

मला तेव्हा लंडनला नोकरी लागली होती, आठवड्याभरात तिथल्या हाउन्सलो भागात राहायला जायचं होतं. बॅगा अर्ध्या भरलेल्या टाकून मी गेले. गाडी ओंकारनं चालवली. काकू शेजारी काळा कोट घालून बसल्या होत्या आणि वेगाबद्दल त्याला एकदाही बोलल्या नाहीत. पुढे दोन वर्षांनी त्या नागपूरला भाच्याकडे राहायला गेल्या. फोन होतात, पण मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

आम्ही पुलाच्या या टोकाला उभे राहिलो. तिकडच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा टप्पा शवपेटी खांद्यावरून नेतात, आणि थोड्या थोड्या अंतरावर खांदेकरी बदलतात, म्हणजे सगळ्या जवळच्यांना पाळी मिळते. वळणावर आधी माणसं दिसली, मग पेटी, मागे रिकामी गाडी. फक्त बुटांचा आवाज. पुलावर, रंग बदलतो तिथं, डेक्लननं हात वर केला आणि सगळे थांबले.

तो पुढे आला आणि काकूंना म्हणाला, "शीला, आता तुझी पाळी."

काकूंना ते अपेक्षित नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बाबांच्या वेळी मी पोचले असते ना, तरी मला खांदा देऊ दिला नसता गं कोणी." त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

अडचण उंचीची होती. खांदेकरी सगळे सहा फुटी. डेक्लननं आपल्या मुलीला पुढे बोलावलं. चौदा वर्षांची असेल, काकूंएवढीच. चर्चपर्यंत रस्ता चढाचा आहे, तेव्हा बुटकी माणसं पुढे असली की पेटी सपाट राहते, असं त्यानं सांगितलं. इतकं साधं, कपाट हलवताना सांगावं तसं. पुढचे दोघं बाजूला झाले. नोरीनच्या त्या नातीनं एक हात काकूंच्या पाठीमागून घेऊन त्यांचा खांदा घट्ट धरला, काकूंनी तिचा धरला, आणि पेटी दोघींच्या खांद्यांवर टेकली.

मी आणि ओंकार मागे राहिलो. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे सारखे भरून येत होते. पांढऱ्या फुलांच्या कुंपणांमधून ती माणसं हळूहळू चढ चढत होती. पुढची पाळी घ्यायला वाटेत दोनदा माणसं आली. दोन्ही वेळा काकूंनी मान हलवून नाही म्हटलं आणि नोरीनला चर्चच्या फाटकापर्यंत खांद्यावरून नेलं.